डिअर व्हाइट पीपल (चित्रपट)
‘डिअर व्हाइट पीपल’ (२०१४) हा अमेरिकन दिग्दर्शक जस्टिन सिमिएन यांचा पहिला चित्रपट. सनडान्स महोत्सवात त्याला नवोदित प्रतिभेसाठीचा विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला; २०१७ पासून नेटफ्लिक्सवर त्याच नावाची मालिकाही आली. विंचेस्टर या काल्पनिक, गोऱ्यांचे वर्चस्व असलेल्या विद्यापीठात सॅम व्हाइट (टेसा थॉम्पसन) रेडिओवरून गोऱ्या विद्यार्थ्यांना टोमणे मारते. तिचे वडील मात्र गोरे, आणि चोरून भेटतो तो प्रियकरही गोराच! लायनलला तर कोणत्याच गटात जागा नाही. कृष्णवर्णीयाने कसे वागावे हे इतरांनीच ठरवायचे, या सक्तीवर इथला विनोद बोट ठेवतो. शेवटी गोरे विद्यार्थी चेहरे काळे रंगवून पार्टी करतात. हे अतिरंजित वाटते खरे. पण श्रेयनामावलीत अमेरिकी महाविद्यालयांतल्या अशाच पार्ट्यांची खरी छायाचित्रे दिसतात.