कशावरून?

हिशेबतपासणी, विज्ञानाचं तत्त्वज्ञान आणि यंत्रविद्या हे काही कवीनं बोलायचे विषय नव्हेत. मी साधा बी.ए., तोही आर्ट्‌सचा. ग्रंथालयात ही पुस्तकं ज्या कपाटांत असतात तिकडे आपण सहसा फिरकत नाही. ती त्या त्या धंद्यातल्या माणसांची, असं समजून पुढे जातो. पण या तीन विषयांतली तीन जुनी पुस्तकं मला एका घरची वाटत आली आहेत. त्यांच्या लेखकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी तिघंही समोरच्याला एकच प्रश्न विचारतात : कशावरून?

पहिलं पुस्तक १२०६ सालचं. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरला तेव्हा आर्तुकी घराण्याचं राज्य होतं. त्या दरबारात अल-जझरी नावाचा कारागीर पंचवीस वर्षं चाकरीला होता. पाण्यावर चालणारी घड्याळं, पाणी उपसायची यंत्रं, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, असलं काही तो बनवी. सुलतान त्याला म्हणाला, हे सगळं तुझ्याबरोबर जाईल, लिहून ठेव. त्यानं पन्नास यंत्रं लिहून काढली. त्यातलं एक घड्याळ हत्तीच्या आकाराचं आहे. त्यात आपल्याकडचा हत्ती आणि चिनी धाटणीचे सर्प एकत्र नांदतात.

माझं अरबी कुराणपठणापुरतं, म्हणून मी हे पुस्तक डोनाल्ड हिल यांच्या १९७४ सालच्या इंग्रजी अनुवादातून वाचलं. पहिल्यांदा चकित झालो ते लेखकाच्या खुलेपणानं. एरवी उस्ताद आपलं मर्म शागिर्दाच्या कानातही अर्धंच सांगतो. इथे प्रत्येक भागाचं माप आहे, आकृतीतल्या भागांना अक्षरं दिली आहेत. झडप गळू नये म्हणून ती कुरुंदाच्या भुकटीनं घासून कशी बसवावी, लाकूड वाकू नये म्हणून त्याचे थर कसे जोडावेत, हेही आहे. आधीच्यांची पुस्तकं वाचून तो तक्रार करतो, की यांनी सगळं करून पाहिलेलं नाही. आणि करून न पाहिलेली विद्या खऱ्या-खोट्याच्या मध्ये लोंबकळत राहते. १९७६ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याच्या वर्णनावरून त्याचं किल्ल्याच्या आकाराचं घड्याळ उभं केलं. ते चाललं. ७७० वर्षांनी!

यंत्र चुकलं तर पाणी गळतं, सगळ्यांना दिसतं. हिशेबाचं तसं नाही. खोटा हिशेब खऱ्यापेक्षा नीटनेटका असू शकतो. जून १८७८मध्ये स्कॉटलंडच्या सिटी ऑफ ग्लासगो बँकेनं बारा टक्के लाभांश वाटला आणि ऑक्टोबरात ती बुडाली. बुडीत कर्जं धडधाकट दाखवून ताळेबंद सजवला होता. त्या बँकेचे भागधारक १८००हून अधिक. त्यांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँकेचं देणं त्यांनी घरदार विकूनही फेडायचं. सगळी वसुली झाली तेव्हा जेमतेम अडीचशे जण सावरलेले उरले. संचालक तुरुंगात गेले खरे, पण त्यानं कुणाचं घर परत आलं नाही. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि त्यानंतर नोंदल्या जाणाऱ्या मर्यादित जबाबदारीच्या बँकांना दरवर्षी तपासनीस नेमणं सक्तीचं झालं.

तपासनीस नेमायचा, पण त्यानं करायचं काय? १८९२ साली लॉरेन्स डिक्सी या अठ्ठावीस वर्षांच्या हिशेबनिसानं त्यावर ‘ऑडिटिंग’ हे पुस्तक लिहिलं. त्याची शैली रुक्ष आहे; झोप येते, हे कबूल. पण त्यानं तपासणीचे तीन हेतू वेगळे केले : लबाडी शोधणं, आकड्यांची चूक शोधणं आणि तत्त्वाची चूक शोधणं. तिसरा मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च मालमत्ता म्हणून मांडला, तर बेरीज बरोबर येते आणि हिशेब खोटाच राहतो. आपल्याकडे वहीच्या माथ्यावर कुणी श्री लिहितो, कुणी ७८६. खालच्या रकमेला मात्र दोघांनाही पावती दाखवावी लागते.

तरी किती खोल जायचं, हा वाद उरलाच. एका कापूस गिरणीच्या व्यवस्थापकानं वर्षानुवर्षं शिल्लक माल फुगवून लिहिला आणि तपासनिसांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. १८९६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं तपासनिसांना सोडलं : हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. मला हा निकाल आजही पटत नाही. चोर ओळखीचा निघाला, तर राखणीचा कुत्रा भुंकतच नाही.

ओळखीच्या, लाडक्या गोष्टीवर कसं भुंकायचं, हे सांगणारं तिसरं पुस्तक कार्ल पॉपरचं. १९१९च्या सूर्यग्रहणात आइन्स्टाइनचं म्हणणं कसोटीला लागलं, तेव्हा व्हिएन्नातला हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता. ताऱ्याचा प्रकाश सांगितल्याइतका वळला नाही, तर सिद्धांत सोडायची आइन्स्टाइनची तयारी त्याच्या मनात बसली. १९३४ साली त्यानं जर्मन भाषेत पुस्तक लिहिलं. इंग्रजीत ते यायला १९५९ उजाडलं. त्याचं म्हणणं असं : बाजूचे पुरावे हवे तेवढे सापडतात, काय घडलं तर आपण खोटे ठरू, हे आधी सांगा. जे सांगता येत नाही त्याला विज्ञान म्हणू नका.

हाच पॉपर तरुणपणी व्हिएन्नातल्या एका सुताराकडे कपाटं बनवायला शिकत होता. तो उस्ताद म्हणे, मला काहीही विचार, मला सगळं येतं. वर्षानुवर्षं तो एकदा सुरू केलं की कधीच न थांबणारं यंत्र बनवायच्या खटपटीत होता. लोक म्हणतात जमणार नाही, जमलं की कळेल, अशी त्याची खात्री. पॉपरनं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की ज्ञानाविषयी आपण इतर कुठल्याही गुरूपेक्षा जास्त शिकलो ते या सुताराकडून.