घरपट्टी मालकाची की भाडेकरूची?

भाड्याने दिलेल्या जागेची घरपट्टी कुणी भरायची, या वादाचा मुंबईपुरता माग काढायचा तर सर्वांत भरवशाचा कागद १८८८ सालचा आहे : मुंबई महानगरपालिका अधिनियम. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांचाही त्याच्या घडणीत हात होता. पुढे त्यात असंख्य दुरुस्त्या झाल्या, पण आपल्याला हवे असलेले कलम १४६ आजही त्याच क्रमांकावर सापडते.

हे कलम घाईने वाचले तर हमखास फसगत होते. पहिलेच पोटकलम सांगते, की कर प्रथमतः प्रत्यक्ष भोगवटादाराकडून घ्यावा. इथेच थांबलो तर निकाल भाडेकरूच्या विरुद्ध गेला. पण त्याला एक अट जोडलेली आहे : भोगवटादाराने ती जागा थेट सरकारकडून, महापालिकेकडून किंवा फजंदाराकडून धारण केलेली असावी. फजंदार म्हणजे मुंबईतले जुने जमीनधारक. जमीन त्यांची, तिच्यावरचे घर दुसऱ्याचे. थोडक्यात, हे पोटकलम चाळीतल्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याबद्दल नाहीच. त्याचे उत्तर दुसऱ्या पोटकलमात आहे. जागा भाड्याने दिली असेल तर कर ती देणाऱ्याकडून, पोटभाड्याने दिली असेल तर सर्वांत वरच्या भाडेदात्याकडून, रिकामी असेल तर ती भाड्याने देण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडून. तिसऱ्या पोटकलमात अपवाद येतो : एक वर्षाहून अधिक मुदतीने जमीन घेऊन भाडेकरूने तिच्यावर इमारत बांधली असेल, तर दोन्हींचा कर त्याच्याच माथी.

मालकाला पुढे का केले, याचे कारण कलमात नाही. माझा तर्क असा, की इमारतीत कितीही बिऱ्हाडे असली तरी वसुली खात्याला एकाच नावाने बिल काढता यावे. हा तर्कच आहे, पण कलम २०९ त्याला बळ देते. मालकाने बिल मिळूनही कर थकवला, तर आयुक्त भोगवटादारांना बिल देऊ शकतात. भोगवटादार अनेक असतील तर प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात रक्कम विभागून. म्हणजे खोल्यांपर्यंत जाण्याची सोय कायद्याने ठेवली, पण मालकानंतर. तिला मर्यादाही घातल्या. एक वर्षाहून जुनी थकबाकी भोगवटादाराकडून घ्यायची नाही, आणि तो राहत नव्हता त्या काळाचा करही त्याच्याकडून घ्यायचा नाही. शिवाय त्याने भरलेली रक्कम त्याला मालकाकडच्या हिशेबात वळती करून मिळते. पैसे भाडेकरूच्या खिशातून गेले तरी देणे मालकाचेच राहिले.

इथवरचा पुरावा मालकावर बोट ठेवतो. आता कलम १४७ पाहा. जागेचे करयोग्य मूल्य मालकाला मिळणाऱ्या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर त्या जादा मूल्यापुरता कर तो भाडेकरूकडून भाड्यासारखाच वसूल करू शकतो. आकडे मांडून पाहू. मालकाला वर्षाला भाडे मिळते ६०० रुपये आणि महापालिकेने करयोग्य मूल्य धरले ९०० रुपये. कराचा दर दहा टक्के मानला, तर मालक भरतो ९० रुपये. त्याच्या प्रत्यक्ष भाड्यावर कर झाला असता ६० रुपये. मधले ३० रुपये भाडेकरूचे. न्याय उघड आहे : जागेची किंमत आणि मालकाची प्राप्ती यांतल्या फरकाचा लाभ ज्याला, त्या फरकाचा करही त्याला.

मग मुंबईतल्या लाखो जुन्या भाडेकरूंना हे कलम लागू पडत होते का? यासाठी १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा काढावा लागतो. त्याने प्रमाण भाड्याची कल्पना १ सप्टेंबर १९४० या तारखेला बांधली. त्या दिवशी जे भाडे होते तेच, साधारणपणे, प्रमाण भाडे. त्याहून जास्त घेणे बेकायदा. दुसरीकडे १८८८च्या कायद्याचे कलम १५४ सांगते, की जागेला वाजवीपणे जे वार्षिक भाडे येईल, त्यातून दुरुस्ती वगैरेंपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढावे. वाजवी भाडे म्हणजे बाजारभावाचे, की कायद्याने बांधलेले? याचा निकाल मुंबईच्या खटल्यात नव्हे, कलकत्ता महापालिकेच्या खटल्यात लागला (तो १९६२च्या निकालसंग्रहात आहे) आणि पुढे गुंटूर नगरपालिकेच्या खटल्यात पक्का झाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाडेनियंत्रण लागू असलेल्या जागेचे वाजवी भाडे प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. गुंटूरच्या निकालाने तर न्यायालयाने प्रमाण भाडे ठरवून दिलेले नसले तरी हेच तत्त्व लागू केले.

हे तीन कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते, जी त्यांपैकी एकाही कागदात लिहिलेली नाही. महिना ५० रुपये प्रमाण भाड्याची खोली घ्या. वर्षाचे ६००, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ५४०. ते भाड्यापेक्षा कमीच राहणार. म्हणजे जिथे मालकाला पुरते प्रमाण भाडे मिळत होते, तिथे कलम १४७ची अटच पुरी होत नव्हती. कलम कायम राहिले, पण अशा खोल्यांपुरते निष्क्रिय झाले. हा माझा निष्कर्ष आहे. बेरीज-वजाबाकी वाचकाने स्वतः करून पाहावी.

तरीही कराचा भार भाडेकरूकडे सरकत राहिला, तो भाडेनियंत्रण कायद्याच्याच कलम १०मधून. कर वाढला तर तेवढ्यापुरते भाडे वाढवण्याची मुभा त्याने मालकाला दिली. ही ‘अनुज्ञेय वाढ’. १९६९पासून मुंबई शहरातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला, त्याचाही काही भाग भाडेकरूंकडे गेला. चित्र असे तयार होते : जुना, मूळचा कर मालकाच्या भाड्यात मुरलेला आणि नंतरची वाढ भाडेकरूकडे.

आणि इथे या शोधातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट येते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याचे कलम १२(३)(अ) कडक होते. भाडे दरमहा देय असेल, रकमेबद्दल वाद नसेल, सहा महिन्यांची थकबाकी असेल आणि नोटिशीनंतर महिन्याभरात ती भरली नसेल, तर भाडेकरूला जागा सोडावी लागे. पण अनेक भाडेकरूंवर कराचा वाटा वर्षातून एकदा देण्याची जबाबदारी होती. न्यायालयांनी अर्थ लावला, की भाड्याचा एक भाग वार्षिक असेल तर भाडे ‘दरमहा देय’ म्हणता येत नाही. प्रकरण सौम्य पोटकलमात जाते. ज्या घरपट्टीच्या वाट्याबद्दल भाडेकरू कुरकुरत होता, तिनेच त्याचे छप्पर वाचवले! १९८७च्या दुरुस्तीने हा भेद संपला.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. कायद्याची मुदतच ३१ मार्च १९९८ला संपणार होती म्हणून त्या रद्द मात्र केल्या नाहीत. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २०००पासून लागू आहे. त्याचे कलम ११ वर्षाला चार टक्के भाडेवाढ देते आणि कलम १२ नवी पट्टी, कर किंवा उपकर यांपोटी भाडे वाढवू देते, पण प्रत्यक्ष कराच्या रकमेहून एक पैसाही जास्त नाही. मुंबईत २०१०पासून कर भांडवली मूल्यावर आकारला जातो, त्यामुळे भाडे आणि कर यांची जुनी सांगड सुटली आहे.

एक दुवा मात्र कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. १ सप्टेंबर १९४०च्या भाड्यात घरपट्टी धरलेली होती की वेगळी घेतली जात होती? हे इमारतीगणिक बदलते आणि त्याचा पुरावा एकच, भाडेपावती. पावती देणे १९४७च्या कायद्याने मालकावर बंधनकारक होते, म्हणून घरोघरी त्या असायला हव्यात. भाडे आणि कर वेगळ्या ओळींत लिहिलेली पावती एका इमारतीचा प्रश्न निकालात काढते; एकरकमी आकडा लिहिलेली पावती तो उघडा ठेवते. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना हे गठ्ठे रद्दीत जात आहेत. आपल्याकडे असतील तर टाकू नका. तारखेच्या क्रमाने लावा, त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि कराची ओळ पहिल्यांदा कोणत्या महिन्यात उमटली तेवढे टिपून ठेवा.