निवृत्त विमानांची तांत्रिक कागदपत्रे : फेअरचाइल्ड एफ-४५ प्रकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

विमान सेवेतून निवृत्त होते, ते बांधणारी कंपनी बंद पडते किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन होते. परंतु त्याचे आराखडे, चाचण्यांचे अहवाल आणि देखभाल-पुस्तिका कोठेतरी शिल्लक राहतात. या कागदांवर अखेर हक्क कोणाचा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. अमेरिकेत मात्र तो एका जुन्या विमानाच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

अमेरिकेत १९२६ च्या हवाई वाणिज्य कायद्याने नागरी विमानांवर शासकीय नियंत्रण आले. नव्या नमुन्याचे विमान विकण्यापूर्वी त्याचे आराखडे व तांत्रिक तपशील शासनाकडे सादर करून 'टाइप सर्टिफिकेट' घ्यावे लागे. असे पहिले प्रमाणपत्र मार्च १९२७ मध्ये 'बुल एअरस्टर' या विमानाला मिळाले. हेतू सुरक्षिततेचा होता. पण त्यातून शासन नकळत विमानविद्येचे एक मोठे दप्तरखाने सांभाळू लागले. पुढे अनेक उत्पादक नामशेष झाले, त्यांचे कागद मात्र फायलींत राहिले.

लष्करी विमानांच्या बाबतीत अडचण तुलनेने कमी आहे. अमेरिकन शासनाने स्वतः तयार केलेल्या प्रकाशनांना त्या देशात कॉपीराइट लागू होत नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या शासकीय पुस्तिका हौशी मंडळींनी पुनर्मुद्रित केल्या, एकमेकांना दिल्या-घेतल्या. नागरी विमानांचे कागद मुळात खाजगी कंपनीचे असतात. त्यांची गरज केवळ संग्राहकाच्या कुतूहलापुरती नसते. पंखाच्या तुळईचे लाकूड कोणत्या प्रतीचे, जोडपट्टीच्या पोलादावर कोणती उष्णताप्रक्रिया केलेली, सुकाणूचे पाते किती अंशांपर्यंत वळावे, हे मूळ आराखड्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. आणि अंदाजाने घडवलेला भाग हवेत असताना मोडला तर त्याची किंमत प्राणाने मोजावी लागते. म्हणूनच या क्षेत्रात कागदांची देवाणघेवाण ही शिष्टाचाराची नव्हे, तर उड्डाणाची पूर्वअट ठरते.

फेअरचाइल्ड कंपनीने १९३० च्या दशकात एफ-४५ हे बंदिस्त कक्षाचे, पाच आसनी विमान थोड्याच संख्येने बांधले. त्यांपैकी एक विमान ग्रेग हेरिक या हौशी संग्राहकाकडे होते. त्याच्या जीर्णोद्धारासाठी हेरिक यांनी १९९७ मध्ये माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनकडे (यापुढे 'प्रशासन') तांत्रिक कागदपत्रांच्या प्रती मागितल्या. ती 'व्यापारी गुपिते' असल्याचे कारण देऊन प्रशासनाने नकार दिला. हेरिक यांनी १९५५ चे एक पत्र पुढे केले. आपल्या विमानांची दुरुस्ती करण्यासाठी किंवा सुटे भाग बनवण्यासाठी ही कागदपत्रे लोकांना देण्यास हरकत नाही, असे त्यात कंपनीनेच शासनाला कळवले होते. प्रशासनाने उत्तराधिकारी कंपनीला विचारले. तिने हरकत घेतली आणि नकार कायम झाला. साठ वर्षांपूर्वीच्या विमानाच्या रेखाटनांतून कोणता स्पर्धक कोणता लाभ उठवणार होता, हे समजणे कठीण आहे. तरीही २००२ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हेरिक यांच्या विरोधात निकाल दिला.

त्यानंतर महिनाभरातच ब्रेंट टेलर यांनी त्याच कागदपत्रांसाठी अर्ज केला. टेलर हे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या अँटिक एअरप्लेन असोसिएशनचे कार्यकारी संचालक व हेरिक यांचे स्नेही. उत्तर न आल्याने त्यांनी वॉशिंग्टन येथे दावा दाखल केला. हेरिक यांनी न मांडलेला मुद्दा त्यांनी उपस्थित केला : १९५५ च्या पत्राने गुप्तता एकदा संपली असता, ती पुढे केवळ हरकत घेऊन परत मिळवता येते काय? या मुद्द्याचा विचारच झाला नाही. हेरिक यांच्या दाव्यात टेलर यांचे 'आभासी प्रतिनिधित्व' झालेच होते, असे सांगून खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. त्यासाठी जी गमके पाहिली गेली ती लक्षणीय आहेत : दोघांचा वकील एकच होता, विमानाच्या जीर्णोद्धारात हेरिक यांनी टेलर यांची मदत मागितली होती आणि प्रशासनाकडून मिळालेले कागद त्यांना दिले होते. म्हणजे हौशी मंडळींत जो रोजचा व्यवहार, तोच न्यायालयात दोघांना एक पक्षकार ठरवण्याचा पुरावा बनला.

१२ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'टेलर विरुद्ध स्टर्जेल' या खटल्यात हा निष्कर्ष एकमताने अमान्य केला. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालपत्रानुसार, जो मूळ दाव्यात पक्षकार नव्हता त्याला, काही ठराविक अपवाद वगळता, त्या निकालाने बांधता येत नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल दिवाणी प्रक्रियेच्या प्रकरणात शिकवला जातो, आणि त्यामागचे विमान सहसा तळटीपेत जाते. वस्तुतः न्यायालयाने कागदपत्रे गुप्त आहेत की नाहीत हे ठरवलेच नव्हते. ते काम खालच्या न्यायालयाकडे परत गेले. तेथे २०११ मध्ये टेलर यांच्या बाजूने निकाल लागला. १९५५ च्या परवानगीनंतर ही माहिती गुप्त राहिलीच नव्हती, हा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला. पहिल्या अर्जापासून तोवर चौदा वर्षे उलटली होती.

पुढच्याच वर्षी, २०१२ च्या विमानवाहतूक कायद्यात, बेवारस प्रमाणपत्रांची तांत्रिक माहिती मालकाच्या संमतीशिवाय देण्याची मुभा प्रशासनाला मिळाली. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र सामान्यतः किमान तीन वर्षे निष्क्रिय असले पाहिजे, कसून शोध घेऊनही मालक वा वारस सापडता कामा नये, आणि माहिती दिल्याने हवाई सुरक्षितता वाढली पाहिजे. एफ-४५ च्या बाबतीत उत्तराधिकारी कंपनी सापडली होती आणि तिने हरकतही घेतली होती. त्यामुळे ही तरतूद १९९७ मध्ये अस्तित्वात असती, तरी हेरिक यांना तिचा उपयोग झाला नसता.