सैनिकी इंधनवापर आणि राष्ट्रीय सुरक्षा (भारत)

सैनिकी इंधनवापर म्हणजे भूदल, नौदल, हवाईदल व तटरक्षक दल यांना वाहने, जहाजे, विमाने, जनित्रे आणि छावण्यांतील ऊब यांसाठी लागणाऱ्या इंधनाचा वापर. आज हे इंधन जवळजवळ सर्वस्वी खनिज तेलापासून मिळते. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. देशांतर्गत जुन्या विहिरींचे उत्पादन मात्र उतरणीला लागले आहे. त्यामुळे सैन्याच्या हालचालींची क्षमता आणि तेलपुरवठ्याची निश्चिती हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

पूर्वपीठिका : वैरण आणि कही

तेलाच्या आधी सैन्याचे इंधन म्हणजे वैरण होय. मराठी कागदपत्रांत दाणावैरण आणण्यास बाहेर पडणाऱ्या तुकडीस 'कही' म्हणत. कही तोडली की फौज जागीच अडकत असे. पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या अखेरीस मराठ्यांच्या छावणीची झालेली उपासमार हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले त्याच डिसेंबरात मारले गेले.

या विषयावरील सर्वांत बोलका दस्तऐवज मात्र रत्नागिरी जिल्ह्यातलाच आहे. संगमेश्वरच्या शेजारच्या चिपळूण परिसरात घोडदळाची छावणी पडली असता शिवाजी महाराजांनी तेथील जुमलेदार, हवालदारांना १६७३-७४ च्या सुमारास पत्र लिहिले. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागवताचा साठा बेतानेच वापरावा, आताच उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील आणि रयतेला आपलीच फौज मोगलांहून जाचक वाटेल, असा त्याचा आशय आहे. उंदराने जळती वात ओढून नेल्यास गवताच्या गंजी पेटतील, म्हणून दिवे विझवण्याचीही त्यात ताकीद आहे. अश्वविद्येचा किंवा शौर्याचा त्यात शब्दही नाही. साठा, त्याचा वापर, आगीपासून रक्षण आणि नागरिकांवर पडणारा भार हे आजच्या इंधनधोरणाचे चारही मुद्दे मात्र त्यात आहेत.

तेलाचे युग

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश आरमाराने कोळसा सोडून तेल स्वीकारले. जहाजांचा वेग व पल्ला वाढला, पण ब्रिटनकडे कोळसा स्वतःचा होता आणि तेल इराणचे. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून अधिक भाग विकत घेतला. १९४१ साली अमेरिकेने तेलपुरवठा रोखल्यावर जपानने डच ईस्ट इंडीजमधील तेलक्षेत्रांकडे मोर्चा वळवला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात जर्मनीकडे विमाने होती, पण ती उडवण्यास पुरेसे इंधन नव्हते.

१९७१ चे युद्ध

भारत-पाकिस्तान युद्धात ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाने कराचीवर 'ऑपरेशन ट्रायडेंट' ही मोहीम केली. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका वेगवान होत्या, पण किनारा-रक्षणासाठी बांधलेल्या असल्याने त्यांचा पल्ला तोकडा होता. म्हणून 'पोषक' हे तेलवाहू जहाज मोहिमेत सामील करण्यात आले. ८ डिसेंबरच्या 'ऑपरेशन पायथन'मध्ये विनाश नौकेच्या क्षेपणास्त्रांनी कराचीतील किमाडी येथील तेलाच्या टाक्या पेटल्या आणि पाकिस्तानी नौदलाचे 'डाक्का' हे तेलवाहू जहाज निकामी झाले. एका बाजूने स्वतःच्या इंधनाची तजवीज आणि दुसऱ्या बाजूने शत्रूच्या इंधनावर घाव, असे या मोहिमेचे स्वरूप होते. वर्णनांत क्षेपणास्त्रांचा गौरव होतो, तेलवाहू जहाजाचा उल्लेख सहसा गाळला जातो.

त्या काळी मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने एस्सो व बर्मा शेल या परकीय कंपन्यांचे होते. १९७४ ते १९७६ या काळात ते राष्ट्राच्या मालकीचे झाले. आजची हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ही त्यांचीच रूपे होत.

मुंबई हाय : चढ आणि उतार

१९७४ मध्ये 'सागर सम्राट' या वेधनयंत्राने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अरब देशांच्या तेलबंदीनंतर लगेच लागलेला हा शोध देशाला मोठा आधार ठरला. १९८० च्या दशकाच्या मध्यास गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल देशातच निघत होते.

या क्षेत्राने १९८९ च्या सुमारास दिवसाला सुमारे पावणेपाच लाख पिंपांची सर्वोच्च पातळी गाठली. त्यानंतर घट सुरू झाली व २०२४ पर्यंत हा आकडा दीड लाखाच्या खाली आला. उतारास लागलेल्या विहिरीत पाणी सोडून दाब टिकवता येतो, त्यामुळे उतार मंदावतो, थांबत नाही. याच काळात मागणी वाढत गेली. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापताच तेलाचे भाव भडकले आणि १९९१ च्या परकीय चलनसंकटात त्याची भर पडली.

समुद्रातील तेलफलाटांचे रक्षण हे नवे सैनिकी कर्तव्यही याच शोधातून आले. १९७८ च्या कायद्याने स्थिर झालेल्या तटरक्षक दलाच्या स्थापनेमागे ते एक कारण होते. या दलाचे रत्नागिरीतही ठाणे आहे. तेल राखणाऱ्या गस्ती नौका स्वतःही तेलावरच चालतात.

उंच प्रदेशातील पुरवठा

लडाखमध्ये खिंडी बंद होण्यापूर्वी हिवाळ्याचा शिधा व इंधन वर चढवावे लागते. कोकणात आगोटीची बेगमी करतात, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की येथे चुकल्यास जीव जातो. सियाचीनमधील चौक्यांत केरोसिनवरच ऊब, स्वयंपाक आणि बर्फ वितळवून मिळणारे पाणी अवलंबून असते. चौकीपर्यंत ते पोहोचवणाऱ्या हेलिकॉप्टरलाही इंधन लागत असल्याने तेथील लिटरची खरी किंमत पंपावरच्या दराहून कितीतरी अधिक पडते. अतिथंडीत साधे डिझेल गोठते. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल लडाखसाठी आणले.

राखीव साठे

२००४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन स्ट्रॅटेजिक पेट्रोलियम रिझर्व्ह्ज लिमिटेडने विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर (जि. उडुपी) येथे खडकात गुहा खोदून कच्च्या तेलाचे साठे केले. त्यांची एकत्रित क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे देशाच्या साधारण साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी आहे. तेल कंपन्यांचे व्यापारी साठे याहून वेगळे असतात. हे साठे केवळ सैन्यासाठी नाहीत. परंतु संकटकाळी सैन्याला प्राधान्य द्यायचे तर नागरी वाहतुकीवर किती कात्री लावायची, हा चिपळूणच्या पत्रातला प्रश्न येथेही उरतोच.

राजापूर तालुक्यात प्रथम नाणार आणि नंतर बारसू-सोलगाव येथे योजलेला वार्षिक ६ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प या चर्चेत वारंवार येतो. नाणारची भूसंपादन अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. बारसूला एप्रिल २०२३ मध्ये माती-परीक्षणास ग्रामस्थांनी विरोध केला. तेथील सड्यावरील कातळशिल्पांचा प्रश्नही पुढे आला. शुद्धीकरण कारखाना म्हणजे तेलाचा साठा नव्हे. कच्चे तेल आयातच करावे लागणार असल्यास अशा कारखान्याने परावलंबन आपोआप घटत नाही.

पर्याय

डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या (जट्रोफा) तेलापासून बनवलेले जैवइंधन १० टक्के मिसळून हवाईदलाच्या एएन-३२ विमानाने २६ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीच्या संचलनावरून उड्डाण केले. अरिहंत वर्गातील पाणबुड्या अणुशक्तीवर चालतात. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली विमानवाहू नौका विक्रांत मात्र गॅस टर्बाइनांवर चालते. दूरच्या मोहिमेत तिला दीपक किंवा शक्ती यांसारख्या तेलवाहू जहाजाची सोबत लागते.