आमवातात पोटाच्या कॅप्सूल : जोड म्हणून विचारून घ्या, मूळ गोळी सोडून नाही

मुक्ताईनगर : कपाशी वेचणीच्या दिवसांत हातपाय सगळ्यांचेच दुखतात. पण सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नसेल, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सारखीच सुजत असतील आणि हे दीड-दोन महिने चाललं असेल, तर ते नुसतं कामाचं दुखणं समजू नका. तो आमवात असू शकतो. डॉक्टर चिठ्ठीवर त्याला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ किंवा नुसतं ‘आर.ए.’ लिहितात. याच आजारावर पोट सुधारून वात घालवतो असं सांगत प्रोबायोटिक कॅप्सूल आणि पावडरी मोबाईलवरून विकल्या जातात. त्यांचा खरंच उपयोग होतो का, किती होतो आणि धोका कुठे आहे, याची ही माहिती.

आजार नेमका काय?

शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तो आमवात. वयानुसार गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवात तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये दोन-तीन पट जास्त दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात मोठ्या माणसांमध्ये हजारात साधारण पाच जणांना आमवात आढळला. त्या हिशोबाने दोन हजार मोठ्या माणसांच्या गावात दहा-एक रुग्ण असू शकतात.

पोटाचा आणि सांध्यांचा संबंध काय?

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. बरेचसे उपयोगाचे असतात. रोगप्रतिकारक पेशींचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीलगतच असतो, त्यामुळे जंतूंचा तोल बिघडला की या पेशी भडकू शकतात, असं शास्त्रज्ञांना वाटतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नव्याने आमवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या ४४ जणांची शौचाची तपासणी केली. त्यातल्या ३३ जणांत ‘प्रिव्होटेला कोप्री’ नावाचा जंतू सापडला. निरोगी २८ जणांत तो फक्त ६ जणांत होता. मात्र भाकरी, डाळ, भाजी खाणाऱ्या निरोगी माणसांच्या पोटातही प्रिव्होटेला गटातले जंतू भरपूर असतात. म्हणून हा जंतू दिसला म्हणजे आमवात, असं म्हणता येत नाही.

कॅप्सूलचा उपयोग होतो का?

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जंतू. अँटिबायोटिकसोबत डॉक्टर पोटासाठी कॅप्सूल देतात, ती बहुतेक याच जातीची. आमवातावर तिच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांचा निकाल एकसारखा नाही.

- इराणमध्ये २०१४ साली ४६ बायांवर आणि २०१६ साली ६० रुग्णांवर आठ-आठ आठवड्यांच्या चाचण्या झाल्या. सांध्यांची सूज आणि दुखणं मोजल्यावर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत थोडा जास्त फरक दिसला.
- फिनलंडमध्ये २००३ साली २१ रुग्णांना वर्षभर आणि कॅनडात २०११ साली २९ रुग्णांना तीन महिने वेगळ्या जातीचे जंतू दिले. तिथे ठोस फरक दिसला नाही.

या सगळ्या चाचण्या लहान आहेत. चांगला निकाल आलेल्या इराणच्या चाचण्यांतही रुग्णांची आमवाताची औषधं चालूच होती, कॅप्सूल त्यावर जोड होती. अमेरिकेतल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात आमवातासाठी अशा पूरक गोळ्यांपेक्षा चांगल्या आहारावर भर द्यायला सांगितलं आहे.

गोळी सोडली तर काय?

खरा धोका इथेच आहे. आमवातात सांध्याचं हाड आणि कूर्चा पहिल्या एक-दोन वर्षांतच झिजायला लागते. एकदा वाकडं झालेलं बोट औषधाने सरळ होत नाही. ही झीज रोखणारं मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात रुग्ण कंटाळतो, कॅप्सूल सुरू करतो, आणि नेमका तेव्हाच गोळीचा गुण आला तर नाव कॅप्सूलचं होतं. मग गोळी बंद होते आणि काही महिन्यांत आजार पुन्हा उसळतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील तसं घ्यावं. रक्त, लिव्हर आणि किडनीची तपासणी वेळेवर करावी. दारू टाळावी. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, या औषधाने गर्भाला इजा होते.

डबी घेण्याआधी काय बघाल?

- जंतूचं पूर्ण नाव आणि जिवंत जंतूंची संख्या लिहिलेली हवी. ही संख्या ‘सीएफयू’मध्ये असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जंतू लागतात.
- एफएसएसएआय क्रमांक, मुदत आणि कुठल्या तापमानात ठेवायचं ते बघा. जंतू जिवंत हवेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या डबीत ते मरू शकतात.
- अशा पूरक डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना इंग्रजीत असते. ती असूनही विक्रेता आमवात बरा करतो म्हणत असेल तर सावध व्हा. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार वात बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे.
- नाव-गाव नसलेल्या पावडरीने दोन दिवसांत दुखणं गायब झालं, तर त्यात स्टिरॉइड असू शकतं. ती बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

कोणी विचारल्याशिवाय घेऊ नये?

निरोगी माणसाला प्रोबायोटिकचा फारसा त्रास होत नाही, सुरुवातीला गॅस किंवा पोट फुगणं एवढंच. पण स्टिरॉइडचा मोठा डोस, आमवाताची महागडी इंजेक्शनं किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर हेच जिवंत जंतू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करू शकतात.

घरचं खाणं

चांगल्या जंतूंना चोथा लागतो. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या आणि आपल्या भागातली कच्ची केळी यांत तो मिळतो. केळ्याची भाजी त्यासाठी चांगली. घरच्या दही-ताकातही जिवंत जंतू असतात, पण चाचणीतल्याच जातीचे असतील असं नाही. दह्याने वात वाढतो असं बरेच जण मानतात. ज्यांना त्रास जाणवतो त्यांनी टाळावं, बाकीच्यांनी ताक सोडायची गरज नाही. बिडी-सिगारेट मात्र सोडावीच. तिने आमवाताचा धोका वाढतो.

कुठे दाखवायचं?

आधी मुक्ताईनगरच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. पुढच्या तपासणीसाठी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘आरए फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’ या रक्ताच्या तपासण्यांबद्दल विचारा. प्रवास जमत नसेल तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. जाताना सगळ्या चिठ्ठ्या आणि घेत असलेली कॅप्सूलची डबीही सोबत न्या. पैसे मोजकेच असतील तर आधी गोळी, मग तपासणी आणि त्यातून उरले तरच कॅप्सूल.