'आद्य' कोण?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्प्यानंतर थोड्याच वेळात शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. जन्म १८४५ चा. इकडच्या मुलांना ते 'आद्य क्रांतिकारक' म्हणून माहीत असतात. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीत मात्र हाच मान उमाजी नाईकांचा. त्यांना पुण्यात फाशी झाली १८३२ मध्ये, म्हणजे फडक्यांच्या जन्माच्याही तेरा वर्षे आधी.

आता कल्पना करू, दोन्हीकडचा एकेक शिक्षक एकाच ज्ञानकोशात लिहितो आहे. दोघेही अभ्यासू, दोघेही बिनपगारी, आणि दोघांच्याही हातात खोडरबर. एकाने लिहायचे, दुसऱ्याने पुसायचे, पहिल्याने पुन्हा लिहायचे. हे भांडण तोडायचे कोणी?

जुन्या कोशांत हा प्रश्न फारसा येत नसे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाला केतकर होते. वाईच्या मराठी विश्वकोशाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने प्रमुख संपादकाची ही खुर्चीच ठेवली नाही. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ पासूनची.

खुर्ची नाही, तर नियम हवेत. पहिला तटस्थतेचा: खरे काय ते आपण ठरवायचे नाही, कोण, कशाच्या आधारे, काय म्हणतो ते लिहायचे. हा नियम ऐकायला सोपा आहे, पण आपल्या गावच्या माणसाविषयी लिहू लागले की त्याची खरी परीक्षा होते.

दुसरी सोय तांत्रिक आहे. पानाच्या 'इतिहासा'त प्रत्येक जुनी आवृत्ती राहते. त्यामुळे कोणी काही पुसले तरी ते एका क्षणात परत आणता येते. गंमत अशी, की यामुळे नासधूस दुरुस्त करणे सोपे झाले तसे भांडत राहणेही सोपे झाले! म्हणून २००४ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक नियम आला: एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे लिखाण उलटवायचे नाही. आम्हाला हा नियम फार आवडतो. बरोबर कोण, हे तो विचारतच नाही. तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे असले तरी चौथ्यांदा हात आवरायचा आणि चर्चेच्या पानावर यायचे. मराठीत सगळ्यांच्या चर्चेच्या जागेला नावही छान आहे: चावडी.

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, तिथे पोलंडमधल्या एका शहराच्या नावावरून मतदान घ्यावे लागले. डान्झिग म्हणायचे की ग्दान्स्क? ठरले असे, की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, एरवी ग्दान्स्क. आपल्याला हे परके वाटायला नको. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. शिरढोण कुठल्या जिल्ह्यात, याची तीन उत्तरे तीन पुस्तकांत सापडतील. साल लिहिले की तिन्ही बरोबर.

पण नियम पाळणारी माणसेच थोडी असली तर? क्रोएशियन विकिपीडियावर २०११ ते २०२० या काळात प्रचालकांच्या एका गटाने देशाच्या इतिहासाला आपल्याला हवे तसे वळण दिले. विरोध करणाऱ्यांना बंदी घातली. याचा अहवाल २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशननेच प्रसिद्ध केला. नियम सगळे होते, पण ते राबवणारे हात एकाच बाजूचे होते. मराठीसारख्या, नियमित लिहिणारे मोजकेच असलेल्या ठिकाणी हा धोका विसरून चालणार नाही.

आपले दोन शिक्षक चावडीवर आले, तर पुरावे मांडू लागतील. पनवेलचे गुरुजी सांगतील, मे १८७९ मध्ये फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी इथेच, पळस्पे आणि चिखलीला दरोडे घातले, आणि परतताना इंग्रजांशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. भिवडीचे गुरुजी विचारतील, हे दौलतराव कोण? रामोशी. फडक्यांच्या टोळीतले बरेचसे लोक रामोशीच होते, आणि उमाजी नाईकही रामोशी. मग 'पहिला कोण' हे जरा बाजूला राहील. १८३२ पासून १८७९ पर्यंत रामोशी वस्त्यांमध्ये उमाजींची आठवण कशी राहिली असेल, हे दोघांनाही शोधावेसे वाटेल. त्याला मात्र चोवीस तासांहून बराच जास्त वेळ लागेल.