राक्षसाचं चित्र आणि तीस आया

मुलांच्या गोष्टीतला राक्षस किती भयंकर असावा? रात्री गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक आईबापाला हा प्रश्न पडतो. १८७१ साली तो इंग्लंडमधल्या एका लेखकालाही पडला होता.

हा लेखक म्हणजे लुईस कॅरोल, ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन. त्यांच्या अ‍ॅलिसचं दुसरं पुस्तक, ‘थ्रू द लुकिंग ग्लास’, तेव्हा तयार होत होतं. त्यात ‘जॅबरवॉकी’ ही कविता होती. बाप मुलाला जॅबरवॉक नावाच्या राक्षसापासून जपायला सांगतो. मुलगा तलवार घेऊन जातो, राक्षसाला मारतो आणि त्याचं मुंडकं घेऊन घरी परततो. गोष्ट एवढीच, पण तिच्यातले कितीतरी शब्द कोणत्याच कोशात नव्हते. पहिलं कडवं कॅरोलनं १८५५ मध्येच, तेविसाव्या वर्षी, घरच्या हस्तलिखितात लिहिलं होतं. ते जणू जुन्या अँग्लो-सॅक्सन काव्याचा तुकडा आहे असा आव आणून त्यानं शब्दांचे अर्थही पंडिती थाटात दिले होते!

कवितेत राक्षसाचं वर्णन थोडकंच आहे. त्याला पुरता देह दिला तो ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यांनी. सापासारखी लांब मान, वटवाघळाचे पंख, अणकुचीदार नख्या आणि अंगात चक्क बटणांचं जाकीट! समोर तलवार उगारलेला एवढासा मुलगा. हे चित्र पुस्तकाच्या आरंभीच छापायचं ठरलं होतं. पण चित्र पाहून कॅरोलच बिचकला. लहान, भित्री मुलं घाबरली तर?

मग त्यानं चित्राची प्रत सुमारे तीस आयांकडे पाठवली आणि तीन पर्याय ठेवले: चित्र आरंभी ठेवावं, आत कवितेजवळ न्यावं, की काढूनच टाकावं? अखेर आरंभी घोड्यावरचा पांढरा सरदार आला आणि जॅबरवॉक आतल्या पानांत गेला.

तडजोड छोटी वाटते, पण ती शहाणपणाची होती. पहिल्याच पानावर मुलाला फक्त राक्षस दिसला असता. कवितेजवळ मात्र त्याचा शेवटही दिसतो. भीती काढून टाकली नाही. तिच्या शेजारी धीर ठेवला.

यातले ‘चॉर्टल’सारखे शब्द पुढे इंग्रजी कोशांत गेले. १८७२ मध्येच ग्रीक कोशकार रॉबर्ट स्कॉट यांनी कवितेचं जर्मन रूपांतर छापलं आणि तेच मूळ असल्याची थाप मारली!

आज मुलांसमोरच्या पडद्यावर राक्षसांना तोटा नाही. ते दाखवण्याआधी तीस आयांना कोण विचारतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)